सिल्व्हिया नाइड यांचे आकडे कसे वाचावेत

जर्मनीच्या महिला फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळलेल्या सिल्व्हिया नाइड यांची खेळाडू म्हणून कारकीर्द कागदावर दोन-तीन ओळींत मावते. १९८२ ते १९९६ या काळात १११ आंतरराष्ट्रीय सामने, ४८ गोल, युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेची तीन विजेतेपदे, विश्वचषकाचे एक उपविजेतेपद, आणि क्लबांकडून खेळताना सात राष्ट्रीय अजिंक्यपदे व सहा जर्मन चषक. हे आकडे खरे आहेत, पण ते आजच्या मापाने वाचले की हमखास चुकीचे वाचले जातात. तेव्हा सामना किती मिनिटांचा होता, स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात किती संघ होते, वर्षाला किती सामने वाट्याला येत आणि मुळात महिलांना मैदान मिळत होते का, हे ठाऊक नसेल तर १११ हा आकडा नुसताच आकडा राहतो. म्हणून आधी तो काळ समजून घ्यायला हवा.

नाइड यांचा जन्म २ मे १९६४ रोजी दक्षिण-पश्चिम जर्मनीतील वाल्ड्युर्न या छोट्या गावात झाला. त्या वर्षी पश्चिम जर्मनीत महिलांच्या फुटबॉलवर बंदी होती. ही बंदी सरकारी कायद्याने आलेली नव्हती, ती जर्मन फुटबॉल महासंघाने घातली होती, आणि हा फरक नीट लक्षात घ्यावा लागतो. १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीच्या पुरुष संघाने बर्न येथे विश्वचषक जिंकला, देशभर फुटबॉलचे वारे वाहू लागले आणि अनेक शहरांत मुलीही संघ बांधू लागल्या. त्यावर महासंघाने जुलै १९५५ मध्ये ठराव केला की संलग्न क्लबांनी महिलांचे विभाग काढू नयेत, त्यांना मैदाने देऊ नयेत आणि पंचांनी त्यांच्या सामन्यांना जाऊ नये. चेंडूसाठीच्या झटापटीत स्त्रीसुलभ डौल नाहीसा होतो, शरीराला व मनाला इजा होते आणि शालीनतेला बाधा येते, अशी कारणे त्यासाठी पुढे करण्यात आली. पोलीस कोणाला पकडून नेणार नव्हते, परंतु मैदान क्लबचे, पंच महासंघाचे आणि स्पर्धाही महासंघाच्याच. त्यामुळे कायदा नसतानाही दारे बंदच होती.

तरीही खेळ थांबला नाही. १९५६ मध्ये एसेन येथे पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या महिलांचा एक अनधिकृत सामना झाला, त्याला सुमारे १८,००० प्रेक्षक आले होते. महासंघाच्या मते जे अशोभनीय होते, ते पाहायला लोक तिकीट काढून येत होते. अखेर ३१ ऑक्टोबर १९७० रोजी ट्राव्हेम्युंडे येथील अधिवेशनात महासंघाने बंदी उठवली. त्यामागे उदार विचारांपेक्षा महिला आपली स्वतंत्र संघटना काढतील ही धास्ती अधिक होती, असेच पुढचे वर्तन पाहता म्हणावे लागते. कारण परवानगी दिली ती अटींसह. महिलांनी हिवाळ्यात सहा महिने खेळायचे नाही, तळाला खिळे असलेले बूट वापरायचे नाहीत, चेंडू लहान आणि हलका घ्यायचा आणि सामना ७० मिनिटांतच संपवायचा. ओल्या मैदानावर खिळ्यांशिवाय खेळणाऱ्याचा पाय घसरतो आणि इजा होते, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण नाजूक प्रकृतीच्या काळजीने घातलेल्या अटींत हा विचार बसत नसावा. पुढे यातल्या बऱ्याच अटी गळून पडल्या आणि सामन्याची वेळ ८० मिनिटांवर आली. पूर्ण ९० मिनिटे मात्र थेट १९९३ मध्ये मिळाली.

बंदी उठली तेव्हा नाइड सहा वर्षांच्या होत्या. म्हणजे परवानगी असलेल्या जगात खेळायला शिकलेल्या पहिल्या पिढीतल्या त्या खेळाडू. श्लिअरश्टाट आणि क्लिंग जेकाख या आपल्या भागातील लहान क्लबांतून त्या पुढे आल्या. देशपातळीवरची रचना तेव्हा अगदी नवी होती. महिलांचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद १९७४ मध्ये खेळले गेले, चषक स्पर्धा १९८१ मध्ये सुरू झाली आणि राष्ट्रीय संघ तर तोवर अस्तित्वातच नव्हता. १९८१ मध्ये तैवानमध्ये एक आंतरराष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा झाली, तेव्हा पाठवायला देशाचा संघ नसल्याने बेर्गिश ग्लाडबाख या क्लबच्या खेळाडू गेल्या आणि स्पर्धा जिंकून परतल्या. ज्या महासंघाकडे संघ नाही त्याचा क्लब जगभरातल्या संघांना हरवून येतो, ही गोष्ट महासंघाला अडचणीची वाटली असल्यास नवल नाही.

पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संघ उभा राहिला. गेरो बिझांत्स हे त्याचे पहिले प्रशिक्षक. १० नोव्हेंबर १९८२ रोजी कोब्लेंत्स येथे स्वित्झर्लंडविरुद्ध पहिला अधिकृत सामना झाला आणि पश्चिम जर्मनीने तो ५-१ असा जिंकला. अठरा वर्षांच्या नाइड या सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरल्या आणि त्यांनी दोन गोल केले. म्हणजे देशाच्या महिला संघाचा इतिहास आणि नाइड यांची कारकीर्द एकाच संध्याकाळी सुरू झाली. त्यामुळे पुढच्या चौदा वर्षांतले त्यांचे आकडे हे एका खेळाडूचे जितके आहेत तितकेच एका नव्या संघाच्या वाढीचेही आहेत.

आता मधल्या फळीतील त्यांच्या कामाबद्दल. नाइड दहा क्रमांकाचा शर्ट घालत. त्या काळच्या जर्मन फुटबॉलमध्ये या जागेला विशिष्ट अर्थ होता. बचावात एक मोकळी खेळाडू सर्वांच्या मागे उभी असे, तिला लिबेरो म्हणत. तिच्या पुढच्या बचावपटू प्रतिस्पर्ध्यांच्या एकेका आघाडीपटूला चिकटून राहत. मधल्या फळीत काही जणी चेंडू हिसकावण्याचे कष्टाचे काम करत आणि एकीकडे खेळ रचण्याचे काम सोपवलेले असे. हिसकावलेला चेंडू आधी तिच्याकडे यायचा, मग तो डावीकडे द्यायचा, उजवीकडे पसरवायचा की सरळ दोन बचावपटूंच्या मधून आघाडीला सोडायचा, हे तिने ठरवायचे. हे काम सोपे नसते, कारण समोरच्या संघालाही ते माहीत असते आणि त्यांची एक खेळाडू सामनाभर तिच्या सावलीसारखी मागे असते. अशा वेळी चेंडू पायाशी येण्याआधीच पुढचा पास डोक्यात तयार असावा लागतो. नाइड यांची ओळख याच तंत्रशुद्ध, विचारपूर्वक खेळासाठी होती.

याच संदर्भात ४८ गोलांकडे पाहिले पाहिजे. गोल करणे हे मधल्या फळीचे मुख्य काम नव्हे. त्यासाठी त्या संघात हायडी मोर होत्या, ज्यांनी १०४ सामन्यांत ८३ गोल केले. असे असूनही नाइड यांनी साधारण दर सव्वादोन सामन्यांमागे एक गोल केला. त्यांच्याच संघातून पुढे आलेल्या आणि मधल्या फळीत नाव कमावलेल्या बेटिना विगमान यांचे १५४ सामन्यांत ५१ गोल आहेत, म्हणजे तीन सामन्यांमागे एक. शिवाय नाइड यांचे बरेचसे सामने ९० नव्हे तर ८० मिनिटांचे होते. दर सामन्याला दहा मिनिटे कमी, म्हणजे अशा नऊ सामन्यांमागे आजच्या हिशेबाने एक पूर्ण सामना वजा झाला.

सामन्यांच्या संख्येचेही तसेच आहे. चौदा वर्षांत १११ सामने म्हणजे वर्षाला सरासरी आठ. त्यांच्यानंतरच्या पिढीतील बिर्गिट प्रिन्त्स १९९४ ते २०११ या काळात २१४ सामने खेळल्या. तिथे ही सरासरी बारांच्या पुढे जाते. प्रिन्त्स दुप्पट टिकल्या असा याचा अर्थ नाही. मधल्या काळात विश्वचषक आला, ऑलिम्पिक आले, युरोपीय स्पर्धा मोठी झाली आणि सराव सामन्यांसाठी पैसा आला. नाइड यांच्या उमेदीच्या वर्षांत यातले काहीच नव्हते. १९८४ आणि १९८७ च्या युरोपीय स्पर्धांच्या अंतिम टप्प्यापर्यंत पश्चिम जर्मनी पोहोचूच शकली नाही, आणि महिलांचा पहिला विश्वचषक झाला तो १९९१ मध्ये, नाइड सत्तावीस वर्षांच्या असताना.

राष्ट्रीय संघाचे सामने इतके तुरळक असल्याने खरा खेळ क्लबांत चाले. १९८३ मध्ये नाइड बेर्गिश ग्लाडबाखला गेल्या आणि १९८४ मध्ये त्या संघासह त्यांनी अजिंक्यपद व चषक दोन्ही जिंकले. १९८५ मध्ये त्या जीगन या शहराच्या टीएसव्ही जीगन क्लबमध्ये आल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. या अकरा वर्षांत जीगनने सहा वेळा अजिंक्यपद आणि पाच वेळा चषक जिंकला. त्यातले चार चषक १९८६ ते १९८९ असे सलग. मात्र तेव्हाचे अजिंक्यपद म्हणजे वर्षभराची साखळी नव्हती. वेगवेगळ्या प्रदेशांचे विजेते एकत्र येत आणि बाद फेरीत भिडत. महिलांची बुंडेसलीगा ही साखळी स्पर्धा १९९० मध्ये सुरू झाली, तीही उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांत, प्रत्येकी दहा संघांची. एका गटाची देशव्यापी साखळी १९९७ मध्ये आली, तोवर नाइड खेळणे थांबवून वर्ष झाले होते. बाद फेरीत एक वाईट दिवस पुरा हंगाम घालवतो, हे ध्यानात घेतले तर जीगनचे सातत्य अधिक मोठे वाटते. दुसरीकडे, भक्कम संघ तेव्हा मोजकेच होते आणि चांगल्या खेळाडू दोन-चार क्लबांत गोळा होत, हेही खरे आहे. दोन्ही बाजू मांडल्याशिवाय या सात अजिंक्यपदांचा हिशेब पुरा होत नाही.

या सगळ्यात १९८९ चा उन्हाळा वेगळा काढून पाहावा असा आहे. युरोपीय स्पर्धेचा अंतिम टप्पा पश्चिम जर्मनीत होता आणि त्यात संघ होते फक्त चार. गटसाखळी आणि उपांत्यपूर्व फेरी आधीच वेगवेगळ्या देशांत उरकलेली असे, त्यामुळे यजमानांच्या गावी पोहोचलेल्या संघाला दोन सामने जिंकले की विजेतेपद मिळे. आज सोळा संघांच्या स्पर्धेत त्यासाठी सहा सामने खेळावे लागतात. २८ जून रोजी इटलीविरुद्धचा उपांत्य सामना जीगन येथे झाला, म्हणजे नाइड यांच्या घरच्या मैदानावर, आणि जर्मन दूरचित्रवाणीने महिलांचा आंतरराष्ट्रीय सामना प्रथमच थेट दाखवला. उत्तरार्धात नाइड यांनी गोल केला, इटलीच्या एलिसाबेत्ता विन्योत्तो यांनी बरोबरी साधली आणि सामना पेनल्टी शूटआउटवर गेला. तिथे गोलरक्षक मारियन इस्बेर्ट यांनी तीन पेनल्टी अडवल्या आणि मग स्वतः पुढे येऊन निर्णायक पेनल्टी मारली. ज्यांनी महिलांचा फुटबॉल आयुष्यात कधी पाहिला नव्हता, अशा असंख्य लोकांनी तो पहिल्यांदा पाहिला तो असा.

त्याचा परिणाम चार दिवसांनी ओस्नाब्र्युक येथे दिसला. २ जुलैला नॉर्वेविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी २२,००० लोकांनी मैदान भरले. नॉर्वे तेव्हा युरोपीय विजेता होता. उर्सुला लोन यांचे दोन आणि हायडी मोर यांचा एक असे तीन गोल पूर्वार्धातच झाले, नॉर्वेने एक परत केला, अँगेलिका फेअरमान यांनी चौथा केला आणि ४-१ असा निकाल लागला. जर्मन महिलांचे हे पहिले विजेतेपद.

आणि बक्षीस? महासंघाने प्रत्येक खेळाडूला कॉफीच्या कपबश्यांचा संच दिला. व्हिलेरॉय अँड बोख या नामांकित कंपनीचा, पांढऱ्या चिनी मातीवर रंगीत फुलांची नक्षी असलेला. रोख रक्कम काही नव्हती. या खेळाडू हौशी होत्या आणि पोटासाठी नोकरी-व्यवसाय करून खेळत होत्या. तरी पैसे द्यायचे नव्हते म्हणून दुसरे काही दिले असे म्हणावे, तर जे सुचले ते स्वयंपाकघरातले. पुढे या संचाची जर्मनीत भरपूर थट्टा झाली आणि महिला फुटबॉलवरच्या जवळपास प्रत्येक प्रदर्शनात त्याला जागा मिळाली. तुलनेसाठी एवढे सांगता येईल की २००७ चा विश्वचषक जिंकणाऱ्या खेळाडूंना प्रत्येकी ५०,००० युरो मिळाले. त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाइड.

१९९१ मध्ये जर्मनीने डेन्मार्कमध्ये विजेतेपद राखले. ऑल्बोर्ग येथील अंतिम सामन्यात समोर पुन्हा नॉर्वेच होता. नियमित वेळेत १-१ अशी बरोबरी होती, जादा वेळेत मोर यांनी आघाडी मिळवून दिली आणि तिसरा गोल नाइड यांनी केला. त्याच वर्षी चीनमधील पहिल्या विश्वचषकात मात्र अमेरिकेने उपांत्य फेरीत जर्मनीचा ५-२ असा धुव्वा उडवला आणि संघ चौथा आला. युरोपात अव्वल असणे आणि जगात अव्वल असणे यांतले अंतर त्या दिवशी उघड झाले. १९९५ च्या मार्चमध्ये कायझर्सलाउटर्न येथे स्वीडनला ३-२ असे हरवून तिसरे युरोपीय विजेतेपद आले. त्या सामन्यात गोल करणाऱ्यांत सतरा वर्षांच्या प्रिन्त्स होत्या. तीन महिन्यांनी स्टॉकहोमजवळील सोल्ना येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नॉर्वेने जर्मनीला २-० असे हरवले. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये महिला फुटबॉल प्रथमच खेळला गेला. जर्मनीने जपानला हरवले, नॉर्वेकडून हार पत्करली, ब्राझीलशी बरोबरी केली आणि साखळीतच संघ बाद झाला. त्यानंतर नाइड निवृत्त झाल्या.

बिझांत्स यांचेही काम तिथेच संपले. त्यांच्या जागी टीना थॉइने आल्या आणि नाइड त्यांच्या सहायक झाल्या. खेळाडूने बूट काढले आणि लगेच प्रशिक्षकाचा शर्ट चढवला, असे ऐकायला सोपे वाटते, पण नाइड यांनी मुख्य प्रशिक्षक होण्याआधी नऊ वर्षे सहायक म्हणून आणि वयोगटांतील संघांबरोबर काढली. २००४ मध्ये त्यांच्या १९ वर्षांखालील संघाने विश्वविजेतेपदही मिळवले. २००५ मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला तेव्हा बुंडेसलीगा स्थिरावली होती आणि २००३ चा विश्वचषक जर्मनीने जिंकलेला होता. खेळाडू म्हणून रिकाम्या जागेवर घर बांधलेल्या नाइड यांना प्रशिक्षक म्हणून बांधलेले घर सांभाळायचे होते.

ते त्यांनी कसे केले याची दोन टोके पाहण्यासारखी आहेत. २००७ मध्ये चीनमधील विश्वचषकात जर्मनीने सहा सामन्यांत २१ गोल केले आणि एकही गोल स्वीकारला नाही. पहिल्याच सामन्यात अर्जेंटिनावर ११-० असा विजय मिळाला, आणि शांघायमधील अंतिम सामन्यात गोलरक्षक नादिन अँगेरर यांनी ब्राझीलच्या मार्ता यांची पेनल्टी अडवून १-० ची आघाडी राखली आणि सामना २-० असा जिंकला गेला. चारच वर्षांनी, घरच्या विश्वचषकात, त्याच संघाकडून सगळ्या देशाने विजय गृहीत धरला होता. गटात प्रिन्त्स यांचा सूर लागत नव्हता. नाइड यांनी त्यांना बाकावर बसवले, आणि वोल्फ्सबुर्ग येथील उपांत्यपूर्व सामन्यात जपानच्या कारिना मारुयामा यांनी जादा वेळेत केलेल्या एकमेव गोलाने जर्मनी बाहेर पडली. पुढे तोच जपान विश्वविजेता झाला, पण तेव्हा त्याचे सांत्वन कोणाला नव्हते. लंडन ऑलिम्पिकसाठी युरोपचे संघ याच विश्वचषकातील कामगिरीवर ठरत असल्याने जर्मनीचे २०१२ चे ऑलिम्पिकही हुकले. नाइड यांच्यावर जोरदार टीका झाली. प्रिन्त्स यांना बसवण्याचा निर्णय खेळाच्या दृष्टीने चुकीचा होता असे मला वाटत नाही. मात्र स्पर्धेच्या मध्यावर तो घ्यावा लागला, याची जबाबदारी प्रशिक्षकाचीच होती.

त्या टिकल्या, आणि २०१३ च्या युरोपीय स्पर्धेत दुखापतींमुळे खिळखिळा झालेला, बराच तरुण संघ घेऊन स्वीडनला गेल्या. साखळीत नॉर्वेकडून हरल्यावरही जर्मनीने अंतिम सामन्यात त्याच नॉर्वेला १-० असे हरवले. अँगेरर यांनी त्या सामन्यात दोन पेनल्टी अडवल्या आणि गोल आन्या मिटाग यांनी केला. मैदान होते सोल्ना शहरातले, जिथे अठरा वर्षांपूर्वी खेळाडू नाइड विश्वचषक हरल्या होत्या. फक्त जुने मैदान बंद होऊन जवळच नवे उभारले गेले होते. सामन्याला ४१,००० हून अधिक प्रेक्षक होते.

खेळाडू म्हणून जे ऑलिम्पिक साखळीतच संपले होते, त्याचे सुवर्ण १९ ऑगस्ट २०१६ रोजी रिओच्या माराकाना मैदानावर स्वीडनला २-१ असे नमवून आले, आणि प्रशिक्षक म्हणून नाइड यांचा तो शेवटचा सामना ठरला. जागतिक महासंघाने महिला फुटबॉलमधील वर्षाच्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान त्यांना २०१०, २०१३ आणि २०१६ असा तीनदा दिला. संघ श्टेफी योन्स यांच्याकडे सोपवून त्या जर्मन महासंघाच्याच महिला व मुलींच्या फुटबॉलसाठीच्या नव्या निरीक्षण विभागाच्या प्रमुख झाल्या. तिथले काम म्हणजे इतर देशांचे सामने पाहणे, कोणते संघ कशा पद्धतीने खेळू लागले आहेत याची टिपणे काढणे आणि ती जर्मन प्रशिक्षकांपर्यंत पोहोचवणे.